पूल क्यूची टिप घरच्या घरी कशी बदलायची? आणि नवशिक्यांची चूक नेमकी कुठे होते?

सोपा शॉट आहे. आठ नंबरचा काळा बॉल पॉकेटच्या तोंडाशी उभा आहे. तुम्ही वाकता, नेम धरता, क्यू पुढे नेता आणि 'टक्' असा भरीव आवाज येण्याऐवजी 'खट्' असा कोरडा आवाज येतो. पांढरा बॉल भलतीकडेच पळतो. समोरचा हसत म्हणतो, "अरे, चॉक लाव की!"

चॉक तर लावलेला असतो. पण टिपच चॉक धरत नसेल, तर तो लावून उपयोग काय?

टिप म्हणजे क्यूच्या टोकाला चिकटवलेली चामड्याची छोटी चकती. ती झिजते, चपटी होते, कडक पडते आणि एक दिवस बदलावी लागते. हे काम घरी करता येतं. त्यासाठी मशीन लागत नाही. लागतो तो संयम. कारण टिप चुकली तर दुसरी मिळते, पण तिच्याखालचं फेरूल किंवा लाकूड एकदा जास्त घासलं गेलं की ते परत येत नाही.

हे मी अनुभवातून सांगतोय. कॉलेजमध्ये आम्ही चौघांनी मिळून एक क्यू घेतली होती. तिची टिप पहिल्यांदा मीच बदलली. फेरूल सपाट करायच्या नादात ते तिरकं घासलं गेलं, मग तो तिरकेपणा घालवायला अजून घासलं. नवी टिप दुसऱ्याच गेममध्ये उडून टेबलाखाली गेली आणि फेरूल कायमचं आखूड झालं. म्हणून या लेखात पायऱ्या तर आहेतच, पण कुठे थांबायचं हेही आहे.

एवढ्याशा चामड्यावर इतकं काय अवलंबून असतं?

टिप आणि पांढरा बॉल यांचा स्पर्श सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाइतकाच टिकतो. बॉल किती वेगाने जाणार, कुठल्या दिशेने जाणार आणि त्याला फिरकी किती मिळणार, हे सगळं तेवढ्या वेळात ठरतं.

बॉलच्या मधोमध मारलं तर टिप कशीही असली तरी निभावतं. पण फिरकी हवी असेल तर मध्यापासून बाजूला मारावं लागतं. तिथे टिप बॉलला चिकटून राहिली पाहिजे, घसरता कामा नये. घसरली की मिसक्यू. चांगली टिप आणि चॉक असेल तर बॉलच्या मध्यापासून त्याच्या साधारण निम्म्या त्रिज्येपर्यंत मारता येतं. पूलच्या बॉलचा व्यास ५७.१५ मिलिमीटर असतो. म्हणजे मध्यापासून साधारण १४ मिलिमीटर. टिप कडक आणि गुळगुळीत झाली की ही मर्यादा आक्रसते. काल जमणारा शॉट आज जमत नाही आणि आपण दोष हाताला देतो.

पूर्वी क्यूला चामडं नव्हतंच, नुसतं लाकूड होतं. चामड्याच्या टिपचं श्रेय फ्रान्समधले लष्करी अधिकारी फ्रान्स्वा मँगो यांना दिलं जातं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी तिचा वापर रूढ केला. खात्रीने फिरकी देण्याचा खेळ तिथून पुढचा. आपण आज वापरतो त्या चॉकचं पेटंट अमेरिकेत १८९७ मध्ये विल्यम स्पिंक्स आणि विल्यम हॉस्किन्स यांनी घेतलं. नाव चॉक असलं तरी तो फळ्यावरचा खडू नव्हे. त्यात सिलिका आणि अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड अशा खरखरीत पदार्थांची पूड असते. ही पूड धरून ठेवायला टिपचा पृष्ठभागही थोडा खरखरीत असावा लागतो.

जाता जाता, स्नूकरचा जन्म आपल्याकडे जबलपूरमध्ये १८७५ साली ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये झाला असं मानलं जातं. आणि १९५८ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकणारे विल्सन जोन्स हे मूळचे पुण्याचे.

टिप बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

- टिपच्या कडा फेरूलच्या बाहेर फुगल्यात, आकार भूछत्रासारखा झालाय.
- टिप चकचकीत दिसते आणि चॉक लावला तरी दोन शॉटमध्ये निघून जातो.
- बाजूने पाहिल्यावर चामड्याची उंची जेमतेम एखाद्या नाण्याच्या जाडीएवढी उरली आहे.
- थर सुटलेत, चीर गेली आहे किंवा नखाने टिचकी मारल्यावर पोकळ आवाज येतो.

नुसती चकाकी आली असेल तर लगेच बदलू नका. पॉलिश पेपरने टिपचं डोकं हलकेच खरखरीत करून बघा. बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागतं. कडा फुगल्या असतील पण उंची शिल्लक असेल, तर फक्त कडा छाटा. उंची संपली असेल किंवा थर सुटले असतील, तर मात्र पर्याय नाही.

कुठली टिप घ्यायची?

आधी माप. पूल क्यूचं टोक साधारण १२ ते १३ मिलिमीटरचं असतं, स्नूकर क्यूचं ९ ते १० मिलिमीटरचं. फेरूलचा व्यास पट्टीने मोजा आणि त्यापेक्षा किंचित मोठी टिप घ्या. अर्धा मिलिमीटर मोठी असेल तर छाटता येते. छोटी असेल तर फेरूलची कड उघडी राहते आणि बॉलवर आपटते.

मग प्रकार. टिप मुख्यतः दोन तऱ्हेच्या मिळतात. पहिली, एकाच चामड्याचा दाबलेला तुकडा. एल्क मास्टर आणि ब्लू डायमंड ही यातली जुनी, क्लबांमध्ये सगळीकडे दिसणारी नावं. या स्वस्त असतात, पण एकाच डब्यातल्या दोन टिपही कमीजास्त कडक निघू शकतात. दुसरी, पातळ चामड्याचे थर एकमेकांवर चिकटवून केलेली. जपानच्या कामुई आणि मूरी या टिप अशा थरांच्या आहेत. त्या महाग असतात, पण प्रत्येक टिप साधारण सारखीच निघते आणि आकार जास्त दिवस टिकतो.

मऊ टिप चॉक चांगला धरते, पण लवकर फुगते. कडक टिप जास्त टिकते, पण तिची निगा राखावी लागते. पहिल्यांदाच करत असाल तर मध्यम कडकपणाच्या दोन-तीन साध्या टिप घ्या. एखादी वाया गेली तरी चालेल, अशाच टिपवर हात बसवावा.

एक गोष्ट आधी तपासा. पार्लरमधल्या किंवा घरगुती टेबलासोबत येणाऱ्या काही स्वस्त क्यूंना स्क्रूची टिप असते. ती फिरवून निघते आणि तशीच नवी बसते. तिथे गोंदाचं काम नाही.

काय काय लागेल?

- नवी टिप
- धारदार कटर किंवा नवं ब्लेड
- पॉलिश पेपर: १२० किंवा १५० नंबर, ४०० आणि ६०० नंबर
- सुपर ग्लू, म्हणजे आपण सरसकट ज्याला फेविक्विक म्हणतो ते. जेलसारखा घट्ट मिळाला तर उत्तम, कारण तो ओघळत नाही आणि टिप मधोमध आणायला थोडा वेळ देतो
- मास्किंग टेप
- काचेचा तुकडा किंवा सपाट फरशी
- शिसपेन्सिल
- लाकडाची जुनी फळी (आईचा पोळपाट नको)
- १ रुपयाचं नाणं

पायरी १: जुनी टिप काढा

फेरूलभोवती मास्किंग टेपचे दोन वेढे घ्या. क्यूचे दोन भाग होत असतील तर फक्त पुढचा भाग टेबलावर आडवा ठेवा. टिप आणि फेरूल जिथे मिळतात त्याच्या किंचित वर, म्हणजे चामड्यातच, ब्लेड टेकवा आणि क्यू हळूहळू फिरवत कापत जा. ब्लेडची धार अंगाकडे किंवा दुसऱ्या हाताच्या बोटांकडे कधीही नको.

बरोबर सांध्यावर कापायचा मोह होतो. तो टाळा. चामड्याचा एक पातळ थर फेरूलवर राहू द्या, तो नंतर खरवडता येतो. आणि पक्कडीने पिरगाळून टिप उपटू नका. टिपबरोबर फेरूलच सैल होऊ शकतं.

पायरी २: फेरूलचं तोंड स्वच्छ आणि सपाट करा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे घाई नको.

आधी उरलेलं चामडं आणि जुना गोंद ब्लेड आडवं धरून खरवडून काढा. खाली फेरूलच्या मधोमध लाकडाचं वर्तुळ दिसलं तर घाबरू नका. बऱ्याच क्यूंमध्ये लाकूड फेरूलमधून आरपार आलेलं असतं.

आता शिसपेन्सिलने फेरूलचं पूर्ण तोंड काळं करा. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, क्यू सरळ उभी धरा आणि हलक्या हाताने फक्त दोन-तीन फेऱ्या मारा. मग बघा. काळा रंग सगळीकडून सारखा निघाला असेल तर तोंड सपाट आहे, तिथेच थांबा. एका बाजूचा निघाला आणि दुसरीकडचा राहिला, तर एक तर तोंड तिरकं आहे किंवा तुमचा हात. पुन्हा काळं करा, या वेळी क्यू खोलीच्या कोपऱ्याला किंवा दाराच्या चौकटीला टेकवून सरळ धरा आणि पुन्हा दोन-तीन फेऱ्या.

पेन्सिलची ही युक्ती मला आधी माहीत असती तर आमची क्यू वाचली असती. आपल्याला फेरूल घासायचं नसतं, फक्त त्यावरचा गोंद काढून ते सपाट आहे का हे बघायचं असतं. पांढरी पूड पडायला लागली म्हणजे तुम्ही गोंद नाही, फेरूल घासताय.

जुना गोंद निघावा म्हणून नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. त्यात अ‍ॅसिटोन असेल तर प्लॅस्टिकचं फेरूल आणि क्यूवरचं पॉलिश दोन्ही खराब होऊ शकतं.

पायरी ३: नव्या टिपची पाठ तयार करा

टिपची खालची बाजूही सपाट हवी. १२० किंवा १५० नंबरचा पेपर काचेवर ठेवून टिपची पाठ त्यावर गोल गोल घासा. चामडं खरखरीत, एकसारखं दिसलं की बस. पाठीला कडक फायबरची चकती असेल तर नुसती चकाकी जाईल इतकंच घासा.

मग गोंद न लावता टिप फेरूलवर ठेवा आणि उजेडाकडे धरून बघा. सांध्यातून उजेड दिसतोय का? दिसत असेल तर पायरी २ किंवा ३ अपुरी आहे. ती फट गोंदाने भरून काढू म्हणाल तर टिप टिकणार नाही.

पायरी ४: चिकटवा

दोन्ही पृष्ठभागांवरची धूळ कोरड्या कपड्याने पुसा. त्यानंतर तिथे बोट लावू नका, हाताचा घाम आणि तेल गोंदाला धरू देत नाही. पावसाळ्याचे दिवस असतील तर टिप आधी तासभर कोरड्या जागी ठेवा, कारण चामडं ओल शोषून घेतं. खिडकी उघडी ठेवा. सुपर ग्लूची वाफ डोळ्यांना झोंबते.

फेरूलच्या मधोमध एकच थेंब टाका. टिप ठेवा आणि क्यू फिरवत सगळीकडून कड सारखी बाहेर आहे ना ते झटकन बघा. मग फळीवर प्लॅस्टिकची पिशवी अंथरून क्यू उलटी, टिप खाली, उभी करा आणि सरळ रेषेत मिनिटभर दाबून धरा. बाजूने थोडा गोंद बाहेर आला तर येऊ द्या, तो पुढे छाटताना निघेल. पुसायला गेलात तर फेरूलवर पसरेल.

आता क्यू बाजूला ठेवा. वरवर गोंद मिनिटात धरतो, पण छाटायचं काम रात्रभर थांबून सकाळी केलेलं चांगलं.

पायरी ५: कडा छाटा

क्यू उलटी करा, टिपचं डोकं लाकडी फळीवर टेकवा. ब्लेड फेरूलच्या बाजूला समांतर ठेवून वरून खाली, फळीच्या दिशेने दाबा. एका वेळी पातळ कातरण काढा, क्यू थोडी फिरवा, पुन्हा कातरण काढा. अक्रोडाएवढा तुकडा एकदम काढायला गेलात तर ब्लेड फेरूलमध्ये घुसतं. तिथे पडलेली चीर जात नाही.

अगदी शेवटचा केसभर भाग ब्लेडने काढू नका. त्यासाठी फेरूलवर पुन्हा टेप लावा आणि ४०० व ६०० नंबरच्या पेपरने फक्त चामड्याची कड घासा. कड फेरूलच्या बरोबरीला आली की बोट फिरवून बघा, सांधा जाणवता कामा नये.

शेवटी कडेला ओलं बोट लावून घ्या आणि चामड्याच्या जुन्या पट्ट्याने किंवा जाड कागदाने जोरात घासा. कड गडद आणि चकचकीत होईल. ही केवळ सजावट नाही. घासून घट्ट झालेली कड लवकर फुगत नाही. पाणी मात्र फक्त कडेलाच लावा, डोक्याला नको.

पायरी ६: गोलाई द्या

सपाट टिपने कडेने मारता येत नाही, म्हणून डोक्याला घुमटासारखा आकार द्यायचा. किती गोल? अमेरिकेतले खेळाडू ही गोलाई त्यांच्या नाण्यांवरून सांगतात. ५ सेंटचं निकेल २१.२ मिलिमीटरचं आणि १० सेंटचं डाइम १७.९ मिलिमीटरचं.

आपलं काम १ रुपयाच्या नाण्यावर भागतं. २०११ च्या मालिकेतलं १ रुपयाचं नाणं सुमारे २२ मिलिमीटरचं आहे आणि २०१९ च्या मालिकेतलं २० मिलिमीटरचं. दोन्ही निकेलच्या जवळपास आहेत. २०११ च्या मालिकेतलं ५० पैशांचं नाणं कुठे सापडलं तर ते १९ मिलिमीटरचं, म्हणजे डाइमकडे झुकणारं आहे.

१५० नंबरच्या पेपरची पट्टी अंगठ्याच्या बेचक्यात धरा आणि टिपच्या कडेपासून मध्याकडे फिरवत घासा. दर काही फेऱ्यांनी टिपच्या बाजूला नाणं धरून उजेडाकडे बघा. दोघांच्या गोलाईची रेषा जुळली की थांबा. जास्त घासलंत तर उरलेलं चामडं कमी, म्हणजे टिपचं आयुष्य कमी.

पहिल्या दिवशी काय करायचं?

चॉक लावा आणि हलके शॉट मारून सुरुवात करा. नव्या टिपने लगेच ब्रेक मारू नका. पहिल्या काही दिवसांत चामडं दबतं आणि कडा पुन्हा थोड्या फुगतात. हे नेहमीचं आहे, टिप खराब निघाली असं नाही. कडा पुन्हा एकदा छाटा, गोलाई नाण्याशी जुळवा. त्यानंतर टिप बसली असं समजायचं.

टिप निघून आली तर?

फेकण्याआधी गोंद कुठे राहिलाय ते बघा. गोंद टिपला चिकटून आला आणि फेरूल स्वच्छ असेल, तर फेरूलवर तेल, धूळ किंवा जुना गोंद राहिला होता. गोंद फेरूलवर राहिला आणि टिपची पाठ कोरी असेल, तर पाठ नीट घासली नव्हती. दोन्हीकडे गोंदाचा जाड, काचेसारखा थर असेल तर गोंद जास्त झाला किंवा मध्ये फट होती. कारण कळलं की दुसरा प्रयत्न बहुतेक वेळा टिकतो.

कधी घरी करू नये?

फेरूलला तडा गेला असेल, ते हलत असेल किंवा लाकूड फाटलं असेल तर क्यू दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. कार्बन फायबरची क्यू असेल तरीही. तिची पूड श्वासातून आत जाणं चांगलं नाही आणि चूक झाली तर खर्च मोठा येतो. आणि कुणाची आठवण म्हणून जपलेली क्यू असेल, तर आधी एखाद्या जुन्या, टाकाऊ क्यूवर दोन टिप बसवून बघा.

आमची ती क्यू अजून एका मित्राच्या घरी दाराआड उभी आहे. तिच्यावर पुढच्या टिप नीट बसल्या, खेळही झाला. पण फेरूल आखूड आहे ते आखूडच. तुमची क्यू तशी होऊ द्यायची नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: चामडं हवं तेवढं कापा, फेरूलपाशी आलात की थांबा.